साबतांगला सहा दिवस

मुलगी मनिलात नोकरीला. दोन वर्षं बोलावत होती. २०२५ च्या जूनपासून भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागेनासा झाला आणि माझी शेवटची सबबही गेली. "बाबा, तुम्हाला मॉल नको, बीच नको. मग तुम्हाला न्यायचं तरी कुठे?" मी रत्नागिरी जिल्ह्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. म्हटलं, एखादं गाव दाखव. लहान, लांबचं, जिथला कारभार तासाभरात समजेल असं.

तिने फोनवर नकाशा उघडला आणि बोट वर, आणखी वर सरकवलं. लुझॉन बेट संपलं, नुसता समुद्र आला आणि त्यात मोहरी सांडल्यासारखे ठिपके. बटानेस. क्षेत्रफळ आणि लोकसंख्या दोन्हींत देशातला सर्वांत लहान प्रांत. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या प्रांतात १८,८३१ माणसं. आमच्या एका जिल्हा परिषद गटात याहून जास्त मतदार निघतात. नांदती बेटं तीनच: बाटान, इत्बायात आणि साबतांग. आम्ही निघालो साबतांगला, जिथे सतराशेच्या आसपास वस्ती आहे. तासाभरात कारभार समजण्याचा माझा अंदाज मात्र सपशेल चुकला.

९ एप्रिल, बास्को आणि इवाना

मनिलाहून पंख्याच्या विमानाने दीड-पावणेदोन तास. उतरताना एका बाजूला इराया ज्वालामुखी, हजार मीटर उंच, डोक्यावर ढग घेऊन बसलेला. धावपट्टी त्याच्या पायथ्याशीच, आणि तीही चढाची. ही माझं मनगट धरून बसली होती, ते विमान थांबल्यावरसुद्धा सोडेना.

आज देशभर शौर्यदिनाची सुट्टी. १९४२ मध्ये याच तारखेला बाताआनमधल्या अमेरिकन आणि फिलिपिनो फौजा जपानला शरण गेल्या. मला वाटलं ते हेच बाटान. मुलीने कपाळावर हात मारला. ते मनिलाजवळचं द्वीपकल्प. इथल्या लोकांना हा घोळ सवयीचा असावा, कारण पुढे सहा दिवसांत मी तो आणखी दोनदा केला आणि कुणी हसलं नाही.

बास्को हे प्रांताचं मुख्य गाव. नाव पडलं ते होसे बास्को या स्पॅनिश गव्हर्नर-जनरलवरून. २६ जून १७८३ रोजी ही बेटं स्पेनच्या राज्याला जोडली गेली आणि त्याबद्दल त्याला 'बटानेसच्या विजयाचा काउंट' असा किताब मिळाला. स्पॅनिश लोक लुझॉनमध्ये त्याआधी दोनशे वर्षं ठाण मांडून होते. इथवर यायला त्यांनाही सवड मिळाली नव्हती.

रस्ता डोंगराच्या कडेने जातो. खाली फेस, वर गवताळ टेकड्या, मध्ये झुडपांच्या कुंपणांनी पाडलेले चौकोन. त्यात गुरं. माहाताओ हे गाव लागलं. तिथल्या दिउरा नावाच्या कोंडात मार्च ते मे या दिवसांत 'माताव' कोळी डोराडो धरतात. आधी पाखरू मासा धरायचा, त्याचं आमिष लावून डोराडो. हंगाम उघडण्याआधी समुद्राची रीतसर पूजा होते आणि मग हंगामभर पाळायचे नियम असतात. नारळी पौर्णिमेआधी होड्या काढत नाहीत, त्यातलंच हे.

मुक्काम इवानाला. इथूनच उद्या होडी. धक्क्यासमोर ते प्रसिद्ध 'ऑनेस्टी' दुकान आहे, १९९५ मध्ये एका निवृत्त शिक्षिकेने चालू केलेलं. दुकानदार नाही. किंमत वाचायची, वहीत लिहायचं, पैसे पेटीत टाकायचे. माझ्यातला लेखापरीक्षणाला सामोरा गेलेला माणूस जागा झाला आणि मी आधी वहीच चाळली. लोकांनी कॉफीचे दोन कप, एक बिस्कीट असं इमानेइतबारे लिहिलेलं. आमचे झाले बासष्ट पेसो आणि माझ्याजवळ शंभराची नोट. सुटे कोण देणार? पेटीत हात घालावा का, घातला तर कुणी बघितलं तर, यावर आम्हा दोघांची पाच मिनिटं चर्चा झाली. शेवटी हिने हिशेब जुळेपर्यंत बिस्किटं उचलली. अठ्ठ्याण्णवपर्यंत आलो. दोन पेसो त्यांच्याकडे राहिले.

१० एप्रिल, होडी

'फालोवा' म्हणतात तिला. फिलिपिन्समधली नेहमीची होडी म्हणजे बांका. तिला दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या असतात. आपल्या कोकणात होडीला एका बाजूला उलांडी, इथे दोन. पण बाटान आणि साबतांगमधल्या खाडीत एकीकडून पॅसिफिक ढकलतो, दुसरीकडून दक्षिण चिनी समुद्र, आणि त्या लाटांत उलांडी टिकत नाही. म्हणून फालोवा बिनउलांडीची, गोल बुडाची. ती लाटेशी भांडत नाही, नुसती लोळते. आपणही तिच्याबरोबर लोळायचं.

होडीत माणसं कमी, सामान जास्त. तांदळाची पोती, अंड्यांचे ट्रे, गॅसची टाकी, कपड्याच्या साबणाची खोकी, एक नवंकोरं फ्लश-टँक, दोन कोंबडे. मी शेजारच्या बाईंना विचारलं, भात पिकत नाही का तुमच्याकडे? त्या म्हणाल्या, भात मनिलाकडून येतो. मग गंभीरपणे पुढे म्हणाल्या, "येतो तेव्हा येतो." हे वाक्य पुढे रोज ऐकलं. साबतांगमधल्या वस्तूंचे दोनच प्रकार: होडीने येणाऱ्या आणि होडीने न येणाऱ्या. डिझेल, सिमेंट, तांदूळ, औषधं होडीची. रताळं, कोनफळ, अळू, लसूण, मासे, डुक्कर, गुरं घरची. वादळाच्या महिन्यांत होडी आठवडाभर आली नाही तर दुकानाच्या फळ्या रिकाम्या होतात, पण माणूस उपाशी राहत नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने गाव दिसलं. टेकडीवर दीपगृह, खाली धक्का, मागे चर्च. सां विसेंते फेरेर यांचं हे चर्च १८४४ चं. संताचा दिवस ५ एप्रिल. फिएस्टा नुकताच झाला होता आणि पताका अजून वाऱ्यावर फडफडत होत्या. आपल्याकडे पालखी येऊन गेल्यावर मांडव काढायला जो आळस होतो, तोच.

घरमालकीण बाई निवृत्त शिक्षिका. सगळे 'माम' म्हणायचे, आम्हीही माम म्हणू लागलो. त्यांनी पहिल्याच जेवणाला सगळं मांडलं. हळदीचा पिवळा भात, त्याला 'सुपास' म्हणतात. केळीचा कांदा किसून, त्यात मासा-डुकराचा खिमा घालून वळलेले गोळे, 'उवुद'. सुकवलेल्या अळूच्या देठांची भाजी, 'वुनेस'. आणि हे सगळं नीरफणसाच्या भल्यामोठ्या पानावर. ही दोन मिनिटं नुसती पानाकडे बघत राहिली. आमच्या मागच्या दारी नीरफणस आहे. त्याची कापं तळण्यापलीकडे आम्ही काही केलं नाही, आणि पानं तर गोळा करून जाळतो. डुकराला ती हात लावेना, तेव्हा मामनी तिच्यासाठी वाळवलेला पाखरू मासा भाजला. मग मात्र जेवण जमलं. सुकटीचा वास ओळखीचा असला की परदेश निम्मा होतो.

संध्याकाळी धक्क्याजवळच्या मालाकदांग वस्तीत फिरलो. इथला अमान दांगात हा प्रमुख १७९१ मध्ये स्पॅनिशांविरुद्ध उठला. तक्रार आजही कुठल्याही गावकऱ्याला कळेल अशी: सरकारी माणसं यायची, लाकूड, जनावरं, मजुरी घ्यायची आणि दाम द्यायची नाहीत. त्याला पकडून मारलं. त्याच्या लोकांची शिक्षा निराळी होती. साबतांग रिकामं करून सगळ्यांना समुद्रापलीकडे, इवानाच्या बाजूला नेऊन बसवलं. परत येऊ दिलं ते १८४० च्या दशकात. म्हणजे चर्चचं साल आणि गावाचं दुसरं जन्मसाल जवळजवळ एकच. मी माझ्या नोकरीत धरणग्रस्तांची पुनर्वसित गावठाणं बघितली आहेत. पन्नास वर्षांनी मूळ गावात परतलेलं गाव हे पहिलंच.

११ एप्रिल, साविदुग आणि चावायान

आजचा दिवस मोठा.

तीनचाकीने दक्षिणेला निघालो. साविदुगच्या आधी डाव्या हाताला एक सुळका उभा राहतो, अंगावर गवत, कडा तासल्यासारख्या. हा 'इजांग', इथल्या मूळच्या इवातान लोकांचा जुना गड. १६८७ मध्ये विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी या बेटांवर आला होता. अशा कड्यांवर टप्प्याटप्प्याने वसलेली घरं आणि वर जायला लाकडी शिड्या त्याने बघितल्या. शिडी ओढून घेतली की खालचा माणूस खालीच. साबतांगला त्याने मन्मथ, अं, मॉन्मथ असं एका ड्यूकचं नाव दिलं (मुलगी सांगते तसं लिहितोय, मला मन्मथच बरं वाटलं). अख्ख्या बेटसमूहाला मात्र नाव पडलं 'बाशी', इथल्या उसाच्या दारूवरून. ती दारू अजून आहे, तिला 'पालेक' म्हणतात. ड्यूकचं नाव कुणाला आठवत नाही.

गड सोडून लोक खाली आले ते स्पॅनिश आल्यावर. पण त्याच्याही फार आधीच्या खुणा साविदुगच्या वाळूत सापडल्या आहेत. इथे उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, ठसे उमटवलेली मडकी निघाली आणि तैवानच्या खाणीतला हिरवा जेडही. तैवानहून दक्षिणेकडे, बेटामागून बेट करत जी माणसं उतरली आणि पुढे पॅसिफिकभर पसरली, त्यांच्या वाटेवरची ही बेटं. प्रांताचं उत्तरेकडचं मावुलिस बेट आजही लुझॉनपेक्षा तैवानला जवळ आहे. तैवानच्या लान्यू बेटावरचे ताओ लोक आणि इवातान यांच्या भाषा सख्ख्या बहिणी. मामनी सकाळी मला आकडे शिकवले होते: आसा, दादुआ, तातदू, आपात, लिमा. ताओ लोकही चाराला आपात आणि पाचाला लिमाच म्हणतात. दोन देश, दोन सरकारं, मध्ये समुद्र, पण मोजणी एक.

साविदुगमध्ये एका घराची शाकारणी चालली होती आणि आमची तीनचाकी तिथे अडली, कारण रस्त्यातच कोगोन गवताचे भारे रचलेले.

घरं कशी असतात ते आधी सांगतो. भिंती चुनखडीच्या दगडांच्या, काही ठिकाणी मीटरभर जाड. आपला चिरा तासून बसवतात. हे दगड ओबडधोबड आणि मध्ये चुना. चुना भाजायची कला स्पॅनिशांबरोबर आली, त्याआधीची घरं बुटकी, लाकूड-गवताची. तीन भिंतींना खिडक्या. चौथीला एकही नाही, ती वादळाच्या तोंडाची बाजू. वर हातभर जाड गवताचं छप्पर, आणि तुफानाचा इशारा आला की त्यावर दोरखंडाचं जाळं टाकून जमिनीतल्या खुंट्यांना बांधायचं. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हुलियान नावाचं महातुफान या प्रांतावरून गेलं. त्याच्या खुणा अजून आहेत: कुठे भिंत उभी आणि छप्पर निळ्या ताडपत्रीचं, कुठे गवत जाऊन पत्रा आलेला. पत्रा स्वस्त नाही, तोही होडीने येतो. पण गवताला माणसं लागतात आणि तरुण माणसं मनिलात, तैवानात आहेत.

इथे मात्र माणसं होती. पंचवीस-तीस. चार-पाच वर, बाकीचे खालून भारे झेलून वर देत. एकजण टोकदार लाकडाने थर ठोकून सरळ करत होता आणि ठोकून झाल्यावर तळहात असा फिरवत होता, जसा न्हावी दाढी करून झाल्यावर गालावर फिरवतो. एखादी काडी वर आली की पुन्हा ठोका. कानस धरायचं काम सर्वांत म्हाताऱ्याकडे. तो खाली उभा राहून एक डोळा मिटून बघायचा आणि हनुवटीने खूण करायचा.

मजुरी किती, मी विचारलं. तीनचाकीवाला हसला. मजुरी नाही. आज याच्या घरावर सगळे, पुढे याने त्यांच्या शेतावर, होडीवर, घरावर जायचं. शेतीची अशी पाळीपाळीची टोळी असते तिला 'पायुहवान' म्हणतात, आणि सगळ्या गावाचं काम असेल तर 'यारू'. मी म्हटलं, इर्जिक! हिला म्हटलं, अगं हे इर्जिक. माझ्या वडिलांच्या वेळी नांगरटीला इर्जिक घालायचे. मालकाने कोंबडं कापायचं, बाकी कुणी पैसे मागायचे नाहीत. मी नोकरीला लागेपर्यंत ती प्रथा संपली आणि तिच्या जागी आम्ही श्रमदानाचे फोटो प्रस्तावाला जोडू लागलो.

"याची नोंद कोण ठेवतं?" माझा पुढचा प्रश्न. तीनचाकीवाल्याने तो वरच्यांना विचारला. सगळे हसले. त्या म्हाताऱ्याने कपाळावर बोट आपटलं.

रस्ता मोकळा व्हायला वेळ होता. उभं काय राहायचं, म्हणून मीही रस्त्यावरचे भारे घरापर्यंत नेऊ लागलो. गवत दर्भासारखं, धारदार, मान सोलून निघते. बारा फेऱ्या झाल्या. (ही म्हणते आठ.) मग घरच्यांनी बसवून भाजलेलं कोनफळ दिलं, आतून जांभळं, मीठसुद्धा नको असं. आणि वाटीभर पालेक. आंबट, गोड, मग एकदम डोक्यात.

चावायान त्यापुढे, रस्त्याच्या शेवटी. वाटेत चामान्ताद-तिन्यानचा कडा; तिथे पर्यटकांना फोटोसाठी पारंपरिक पोशाख भाड्याने मिळतो. बायकांचं 'वाकुल', पुरुषांची 'कानायी'. चार तरुण मुली लाल लिपस्टिक आणि वाकुल घालून कड्यावर उभ्या होत्या. मला ते जरा ओशाळवाणं वाटलं. चावायानमध्ये ते गेलं.

दगडी गल्ली, दोन्हीकडे गवती छपरं, आणि एका ओट्यावर तीन म्हाताऱ्या वाकुल करत बसलेल्या. वाकुल म्हणजे डोक्यावरून पाठीवर कमरेपर्यंत सोडलेली केसाळ झूल. लांबून वाटतं, बाईने सोनेरी केस मोकळे सोडलेत. ते बनतं 'वुयावुय' नावाच्या ताडाच्या पात्यांपासून; हा आपल्या शिंदीच्याच कुळातला. पाती वाळवायच्या, चिरायच्या, पिंजून धागे काढायचे, मग ते घट्ट गाठीने एका वीणेत ओवत जायचं. आजी दातात एक टोक धरून दुसरं अंगठ्याने ओढत होत्या. अंगठ्याला खाच पडलेली.

ही पुढे गेली आणि मराठीतच म्हणाली, "अहो, हे इरलंच आहे." मग खुणा सुरू. तिच्या माहेरी, संगमेश्वराकडे, पडवीत इरली टांगलेली असायची: बांबूच्या कामट्या आणि पानं. भातलावणीला वाकायचं तर छत्री धरायला हात कुठे मोकळा? इरलं डोक्यावर अडकवलं की पाऊस पाठीवरून निथळतो. तिने ओट्यासमोर वाकून लावणीचा अभिनय केला, चिखलात रोप खोचल्यासारखा. तिन्ही म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. सर्वांत मोठीने हातातलं काम टाकलं, आत जाऊन स्वतःचं वाकुल आणलं, उन्हाने करडं पडलेलं, आणि हिच्या डोक्यावर बसवून हनुवटीने खूण केली: वाक. ही वाकली. म्हातारीने मागून ते सरळ केलं आणि पाठीवर दोनदा थोपटलं.

फोटो काढायचा राहिला. मुलगी अजून बोलते त्यावरून.

विकायला लहान वाकुलं होती, पर्यटकांच्या बेताची. आम्ही एक घेतलं. मोठ्याचे दिवस किती लागतात विचारलं, तर उत्तर आलं, शेतातून वेळ मिळेल तसे. परतीच्या वाटेवर रताळ्याच्या वाफ्यात एक बाई खणत होती, तिच्या डोक्यावर वाकुल. फोटोवाली कुणी जवळ नव्हती. आमच्याकडे इरलं प्लास्टिकच्या खोळीने संपवलं. इथे वाऱ्याने प्लास्टिक टिकू दिलं नसावं.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी चर्चची घंटा आणि गाव धुतल्या कपड्यांत. दुपारी बेटाच्या पश्चिमेला सुम्नांगा आणि नाकानमुआन. सुम्नांगाला लोक गमतीने 'छोटं हाँगकाँग' म्हणतात, घरं किनाऱ्याला दाटीवाटीने म्हणून. गल्लीभर दोरीवर पाखरू मासे पंख पसरून वाळत घातलेले, ओल्या रुमालांसारखे. मोरोंगच्या पुळणीवर दगडाची कमान आहे, सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला.

स्वयंपाकघरात चुलीच्या वर लसणीच्या वेण्या टांगलेल्या दिसल्या. लसूण हे इथलं जुनं नगदी पीक. पाकळी लहान पण झणका असा की हिने वास घेऊन लगेच बियाण्याची चौकशी केली. दुसरं नगदी म्हणजे गुरं. दुधाला नाही, मुख्य बेटावर विकायला. मुलाची फी, आजारपण, लग्न आलं की एक बैल होडीत चढतो. बँकेतल्या मुदतठेवीला शिंगं फुटल्यासारखी.

१३ एप्रिल, होडी नाही

आज निघायचं होतं. पहाटे धक्क्यावर गेलो तर कुणीच नाही. समुद्र मला तर शांत दिसत होता. एका कोळ्याने खाडीच्या मधोमध बोट दाखवलं: पांढरी रेघ. "उद्या." उद्या नक्की? "उद्या बघू."

मुलीचं बास्कोचं विमान हुकणार होतं, ती फोनवर आवाज चढवून कुणाशी तरी बोलत होती. मला मनातून बरंच वाटलं. सोमवार, कचेरी उघडी. मी 'मुनिसिप्यो'त गेलो.

फिलिपिन्समध्ये म्युनिसिपालिटी म्हणजे आपली नगरपालिका नव्हे. ती गावांचा गट, ग्रामपंचायत आणि पंचायत समिती यांच्या मधलं काहीतरी. तिच्याखाली 'बारांगाय'. हा शब्द 'बालांगाय' म्हणजे होडी यावरून आला, एका होडीतून आलेली माणसं ती एक वस्ती. साबतांगमध्ये सहा बारांगाय: सिनाकान, मालाकदांग, साविदुग, चावायान, सुम्नांगा, नाकानमुआन. म्युनिसिपालिटीची निवडणूक दर तीन वर्षांनी. प्रत्येक बारांगायला एक कॅप्टन आणि सात सदस्य. म्युनिसिपालिटीला मेयर, उपमेयर आणि आठ नगरसेवक. मी कचेरीतल्या बाकावर बसून गुणाकार केला: अठ्ठावन्न लोकनियुक्त माणसं. सतराशे लोकसंख्येत तिसाएक माणसांमागे एक पुढारी. युवा परिषदेचे वेगळे. माझ्या अख्ख्या नोकरीत मला एका ग्रामपंचायतीचे नऊ सदस्य एका वेळी एका खोलीत बसवता आले नाहीत.

पैसा कुठून येतो? हिशेबाच्या टेबलावरचा तरुण मुलगा आधी बिचकला, मग मी पूर्वीचा सरकारी नोकर म्हटल्यावर खुर्ची ओढून बसला. घरपट्टी, परवाने, पर्यटकांचं शुल्क हे चिल्लर. खरा पैसा मनिलाचा. १९९१ च्या स्थानिक शासन कायद्याने राष्ट्रीय करांतला ४० टक्के वाटा खाली द्यायचा ठरलं. त्यातले ३४ टक्के म्युनिसिपालिट्यांना. तो वाटताना निम्मा लोकसंख्येवर, पाव जमिनीवर आणि उरलेला पाव सगळ्यांना सारखा. या शेवटच्या पावावर मी थांबलो. मनिलाजवळच्या लाखभर वस्तीच्या म्युनिसिपालिटीला जेवढा सारखा हिस्सा, तेवढाच साबतांगला. तो पाव नसता तर हे टेबलही नसतं, असं मुलगाच म्हणाला. पूर्वी केंद्र सरकार हा वाटा फक्त अंतर्गत करांवर काढायचं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळे राष्ट्रीय कर धरायला लावले आणि २०२२ पासून रक्कम वाढली.

म्हणजे साबतांगमध्ये पगार देणारा सर्वांत मोठा मालक सरकारच: कचेरी, शाळा, आरोग्यकेंद्र. गावात सरकारी मत्स्यविद्येची माध्यमिक शाळा आहे, साबतांग नॅशनल स्कूल ऑफ फिशरीज. पण शिकलेली मुलं होडी धरतात ती मासे मारायची नव्हे, बास्कोची. बाकी रोकड येते ती मनिलातून, परदेशातून आणि आमच्यासारख्यांच्या खिशातून. जमीन, पाणी, बांधकाम यांवर बंधनं आहेत, कारण २००१ च्या कायद्याने अख्खा प्रांत संरक्षित भूप्रदेश आणि सागरक्षेत्र आहे. बाहेरच्या पैशाने हॉटेल उठवणं इथे सोपं नाही. कोकणात राहून सडेच्या सडे विकले गेलेले बघितलेत, तेव्हा मला तो कायदा फार शहाणा वाटला. तो मुलगा मात्र म्हणाला, घराला खोली वाढवायलासुद्धा कागद लागतात. तेही खरंच.

मी विचारलं, शनिवारी साविदुगला तीस माणसं दिवसभर राबली, ते तुमच्या कुठल्या लेख्यात धरता? तो विचारात पडला. म्हणाला, "त्याला रकाना नाही, सर."

१४ एप्रिल

होडी निघणार. निरोप आला तोच धावपळ झाली. मी मामना जादा दिवसाचे पैसे देऊ लागलो: एक रात्र, तीन माणसं, तीन जेवणं. त्यांनी हात मागे घेतले. म्हणाल्या, झालंय. काय झालंय? साविदुगचं ते घर त्यांच्या मावसभावाचं होतं. तुम्ही भारे वाहिलेत, त्याने कळवलंय.

इथे निघणारा म्हणतो, 'दिओस मावीदिन', देव तुमच्यापाशी राहो. राहणारा म्हणतो, 'दिओस मंगुन्नाय', देव तुमच्याबरोबर जावो. आम्ही 'येतो' म्हणालो आणि अर्थ सांगितला. जाताना 'येतो' म्हणायचं हे मामना पटलं, त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.

धक्क्यावर आधी पोती उतरली. माणसांची साखळी लागली होती, मीही उभा राहिलो आणि अकरा पोती पुढे दिली. मग रिकाम्या गॅसच्या टाक्या चढल्या, लसणीची टोपली चढली, दावं बांधलेला एक बैल फार समजावून चढला, आणि शेवटी आम्ही.

होडी लोळू लागल्यावर मी मनात हिशेब मांडला. बारा भारे, वजा एक रात्र, वजा तीन जेवणं, वजा भाजलेलं कोनफळ आणि पालेक. वर आजची अकरा पोती. म्हणजे आम्ही साधारण फिटलो. शेजारी वाकुलाची पिशवी छातीशी धरून बसलेली ही म्हणाली, "भारे आठच होते."